हिऱ्यावरचा जास्तीचा पाव फेरा

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, जळगावच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून हिरा फुटला. आवाज नखावर नख मारल्याएवढा होता.

मुठीत मावणाऱ्या पोलादी साच्यात दोन हिरे टोकाला टोक लावून बसवलेले असतात. मधल्या पत्र्याला केसाएवढं भोक. त्यात मी गंधकाचा कण ठेवला होता, आणि दाब कळावा म्हणून माणकाचा एक कण. किल्लीने स्क्रू आवळत गेलं की पिवळा गंधक नारिंगी, मग लाल होत जातो. सूक्ष्मदर्शकातून तो कण मेहरूण तलावावर उजाडावं तसा दिसायचा. किती वेळ बसलो आहे, हे कळत नसे. गंधक कोणत्या दाबाला लाल होतो, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता. नारिंगीपर्यंत पोचलो होतो. त्या दिवसापुरता ठरवलेला दाब आल्यावरही मी स्क्रूला पाव फेरा जास्त दिला.

मार्गदर्शक बाईंनी साचा उजेडात धरून पाहिला. "हिऱ्यांची जोडी आता एकच उरली आहे. ती गेली तर विषय बदलावा लागेल."

रविवारी धरणगावला घरी गेलो. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. निवृत्त होईपर्यंत ते जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी दाबायच्या प्रेसवर होते. काटा खुणेवर आला की ते आणखी थोडं दाबत.

"जास्तीचा कशाला दिधा?" हिरा कसा फुटला ते सांगितल्यावर त्यांनी विचारलं.

"तुम्ही द्यायचे ना."

"अरे, कापूस पट्ट्या बांधताच फुगस, म्हनीसन आम्ही दाबूत. हिरा फुगस का?" ते हसले. "तुना मुकादम काय बोलना?"

"बाई आहेत. रागावल्या नाहीत."

"मंग जास्ती घाबर."

परतल्यावर जुन्या नोंदी काढल्या. किल्ली बाजूला ठेवल्यावर दाब उतरल्याची एकही नोंद नव्हती. मधला पत्रा दबून बसत जाई तसा दाब तासन्‌तास आपोआप चढत होता. तरीही प्रत्येक वेळी मी जास्तीचा पाव फेरा दिलेला होता.

पुढच्या गुरुवारी उरलेली जोडी बसवली. हव्या त्या दाबाच्या बरंच अलीकडे थांबलो, किल्ली बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाशी बसलो. नारिंगी कणात कडेकडेने काहीतरी गडद शिरत होतं, इतकं सावकाश, की मध्येच आपणच ते कल्पतो आहोत असं वाटे.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्ही हिरे शाबूत होते. माणकाच्या उजेडावरून दाब मोजून झाल्यावर त्यांनी वहीत आकडा घातला आणि पुढे लिहिलं: लाल.