भोंग्यातली कॉइल
वक्त्याचा आवाज थेट अंतःकरणातून येतो, असं मी पाहुण्यांना लिहून दिलेल्या भाषणाच्या शेवटच्या पानावर होतं. जळक्या वार्निशचा वास आला की मुकुंदवाडीची ती सभा आठवते. पाहुणे उठणार तेवढ्यात भोंगा मुका झाला. माइकवाल्यानं तो उघडून तान्ह्याच्या बांगडीएवढी, वार्निश जळून काळी पडलेली तारेची कॉइल काढली. “एवढीशी तार बोलते?” मी विचारलं. “तार नाय बोलत, सर. करंट आला की चुंबकाच्या फटीत थरथरती, तिच्यासंगं भोंग्यातला पडदा हलतो, त्योच आवाज. आता फटीत काजळी बसलीय. पातळ पण ताठ कागद द्या, नायतर नवी कॉइल बी घासून जळंल.” माझ्या हातात फक्त भाषण होतं. मी शेवटचं पान दिलं. त्याच्या पट्ट्यांनी फट साफ झाली, नवी कॉइल बसली, पाहुणे कडाडले, एक पान आधीच थांबले. टाळ्या भरपूर पडल्या. त्या पानाबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.