आईचा पट्टा

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या संत्र्यांच्या मळ्यात तेंदानी फळं तोडायची. कमरेला पिशवी बांधायची ती मेलेल्या आईच्याच पट्ट्यानं. पोट सुटत गेलं तसं आईनं तापल्या खिळ्यानं पट्ट्याला एकेक भोक वाढवलं होतं. शेवटचं पाडलं, त्याच वर्षी साखरेच्या आजारानं तिचं पाऊल कापावं लागलं.

आज तेंदानीला तेच शेवटचं भोक लागलं.

“अंग धरलंयस की गं! घरात सुबत्ता दिसतेय,” सोबतची लुफुनो हसली.

“सुबत्ता कसली मेले! नुसता मक्याचा घाटा आणि गोड चहा.”

झाडांच्या ओळीत शिरताच पाय ओढल्याचा आवाज आला. पाऊल कापायच्या आधी आई अशीच चालायची. तेंदानी थबकली, आवाजही थांबला. तिनं वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. वाटेवर तिचीच डावी चप्पल पडली होती, आणि अनवाणी पायाला त्याचा पत्ताही नव्हता.