ताईसोबत पाहिलेला चावट सिनेमा

गल्लीत त्याला सगळे खडखड्या म्हणत. काम तसंच होतं. सिनेमात जे ऐकू येतं त्यातलं अर्धंअधिक मागाहून भरतात, आणि ते भरणारा हा. पडद्यावर नायिका पायऱ्या उतरली की हा बंद खोलीत उंच टाचांच्या चपला पायात कोंबून फळीवर टकटक करायचा. नाकाखाली मिशा आणि पायात टाचा! घोडे याचे, वादळ याचं, मोडलेलं हाडही याचंच. ते म्हणजे कडाकडा मोडलेलं गाजर.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईने कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करून त्याला वाढवलं. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. पन्नाशी उलटली तरी तिच्यापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. इतकी वर्षं त्याने तिला फक्त घोडे ऐकवले होते.

आणि आता हा सिनेमा. नुसता चावट! त्यातून दिग्दर्शकाने काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी प्रदर्शनाच्या आठ दिवस आधीच दुपारचा खास खेळ ठेवला, आणि बोलावण्याचं पत्र नेमकं ताईच्या हाती पडलं.

"मी येणार."

"अगं, बघण्यासारखं काही नाही त्यात."

"बघण्यासारखं नसतं तेच बघायला गर्दी होते."

"तुला नाही आवडायचं."

"सत्तरीला टेकले रे. मला आता कोण बिघडवतंय?"

ताईने एकदा मान खाली घातली, तर उरलेला जन्म तिच्यासमोर घास कसा उतरायचा?

थिएटरात त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. सगळा जीव ताईकडच्या कानात. गोष्ट अशी की एक म्हातारा विधुर चोरून लग्न करतो आणि मोठ्या मुलांपासून नवी बायको कपाटात लपवतो. म्हाताऱ्याने आरशापुढे पोट आत ओढलं, तशी ताई फिस्सकन हसली. तो खुर्चीत जरा मागे टेकला. मग पडद्यावर दिवे मालवले आणि पलंग कुरकुरू लागला. खडखड्याने डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! हे तर माझं स्टूल!"

अख्खी रांग खिदळली. पाय डुगडुगतो, सुताराकडे नेतो, असं सांगून त्याने तिचं शिवणाचं स्टूल चार दिवस नेलं होतं.

"मेल्या, तीस वर्षं बसले त्याच्यावर, मला कळणार नाही?" ती डोळे पुसत म्हणाली.

उत्तरार्धात घरकाम करणारी पोरगी बशांचा ट्रे घेऊन आली. म्हाताऱ्याच्या मुलाने तिच्या ढुंगणावर फटका मारला. फटाक! थिएटर हसून लोळलं. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. शेजारून मात्र हूं नाही की चूं नाही. त्याने चोरून पाहिलं. ताईची मान खाली नव्हती, पण ओठ शिवल्यासारखे मिटलेले.

घर येईस्तोवर ती पुढे पुढे चालत राहिली. शेवटी त्यालाच राहवेना.

"शिव्या तरी दे गं."

"शिव्या कशाला? पहिला अर्धा झकास आहे. म्हातारपणीही अंगाला अंग हवंसं वाटतं, हे कुणीतरी हसत हसत सांगितलं एकदाचं. पुढे गोष्ट संपली. दोरा संपला तरी मशीन चालूच!" तिने चपला काढल्या. "तो फटका तू वाजवलास?"

"हो. ओलं चामडं घेतलं आणि..."

"पोरीचा चेहरा बघितलास?"

त्याने तो तुकडा चाळीस वेळा पाहिला होता. पण याच्या कामात नजर ठेवायची ती हलणाऱ्या हातावर नाहीतर पायावर. चेहऱ्याला आवाज नसतो.

"नाही गं."

"हसते ती. आमच्या दुकानाचा मालकही येता-जाता असंच करायचा. बाकीच्या हसायच्या. मीपण हसायचे. घरी तू उपाशी होतास."

ताई आत जाऊन कणीक मळायला बसली.

सकाळी त्याने दिग्दर्शकाला फोन लावला.

"काका, सगळ्यात मोठा हशा तिथेच आहे हो!"

"ठाऊक आहे. तो आवाज मला नव्याने करायचाय."

"तासभर देतो. पण आवडला नाही तर जुनाच ठेवणार."

खोलीत चामडं हातात धरून तो प्रथमच पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ओठ हसत होते, डोळे दाराकडे होते. त्याने तिन्ही फटके बारीक केले आणि ट्रेमधल्या बशा थरथरवल्या. ऐकून खोलीतलं कुणी हसलं नाही. दिग्दर्शक हनुवटी खाजवत बसला.

"हशा गेला, काका."

"गेला."

"तिसरा तुमचा ठेवतो. पहिले दोन जुनेच."

खडखड्याने आणखी एकदा विनवलं. दिग्दर्शक घड्याळ दाखवून उठला.

संध्याकाळी तो घरी आला. वर ताईच्या मशीनची घरघर चालू होती. तीन फटक्यांतला एकच बदलून मिळाला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, ते ठरेना, आणि तो जिन्यातच कठडा धरून उभा राहिला.