आडाभोवतीची टायरांची बाग

शांतवनला लहानपणापासून एक खोड होती. समोर काही दिसलं, की हे असं का, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. सावेडीच्या पुढे, मनमाड रोडला त्याचं टायरचं दुकान. पंक्चर काढायची आणि झिजलेलं टायर कानशीनं खरवडून त्यावर नवी पट्टी चढवायची, हे त्याचं काम. ट्रकवाला कितीही घाईत असो, हा पठ्ठ्या टायरमधून काढलेला खिळा उन्हात धरून विचारणार, "ह्यो तर घोड्याच्या नालाचा खिळा हाय. तुमाला कुठं गावला?" ट्रकवाले वैतागायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीच्या आडाभोवती बाग करायचं खूळ त्याच्याच डोक्यातलं. बायका पाणी शेंदायच्या तेव्हा थोडंफार सांडायचंच. ते तरी वाया का जावं? त्यानं कठड्याला लागून जुन्या टायरांचे वाफे मांडले, टायरांना चुना फासला आणि आत झेंडू लावला. ओल टिकावी म्हणून वाफ्यांवर दुकानातला रबराचा काळा भुगा जाड पसरला.

"अहो, पान्यापाशी कशाला ही काळी घान?" त्याची बायको मरिया म्हणाली.

"घान कसली? रबर म्हंजी झाडाचा चीक. झाडाचं झाडाला दिलं."

शिवाय आडावरचा पोहरासुद्धा टायरचाच होता, शांतवननंच शिवलेला. सगळी वस्ती त्याच पोहऱ्यानं पाणी काढत होती आणि कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. झेंडू तर असा फुलला, की त्या उजाड साली रस्त्यानं जाणारे लोक सायकली थांबवून बघायचे. शांतवनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग आडातले मासे मेले. डास होऊ नयेत म्हणून हिवतापवाल्यांनी सोडलेले ते बारके मासे एका सकाळी पोटं वर करून तरंगत होते. आडात पाणी जेमतेम गुडघाभर. बायकांनी घागरी तशाच खाली ठेवल्या.

"भिमाजीबाबाच्या हातात काल औषधाचा डबा हुता," आक्काबाई म्हणाली. "म्या डोळ्यांनी बघितला."

भिमाजी एकटा राहणारा म्हातारा शेतकरी. जगवलेल्या चार वांग्यांवर मारायला त्यानं कीडनाशक आणलं होतं, हे खरंच होतं. पण डबा आडापाशी उघडलासुद्धा नाही, हे तो सांगून सांगून दमला. वस्तीनं त्याला आडावर पाय ठेवायला मनाई केली. ओढ्यात झिरा खणून तो वाटीवाटीनं घागर भरू लागला. हे बघून शांतवनला वाईट वाटलं, पण म्हाताऱ्याची बाजू घ्यायला तोही पुढे झाला नाही.

वस्तीनं आड उपसून काढला. नवं पाणी झिरपलं, हिवतापवाल्यांनी नवे मासे सोडले. आणि थोड्याच दिवसांत तेही मेले.

"चोरून येऊन टाकतो म्हातारा," लोक म्हणाले. पण शांतवनला काही ते पटेना. एवढा हौसेनं आणलेला डबा माणूस वांगी सोडून आडात का ओतेल? तो कठड्यावर पालथा पडून आत बघत राहिला. आक्काबाईची घागर हिंदकळली. सांडलेलं पाणी टायरांखाली शिरलं आणि जरा वेळानं कठड्याच्या फटीतून थेंबथेंब आत गळू लागलं. त्या फटीखालचा दगड काळपट झाला होता.

शांतवननं वाफ्यातला भुगा मुठीत घेऊन बघितला.

त्यानं हिवतापवाले मासे पाळायचे त्या दवाखान्याच्या हौदातून थोडे मासे मागून आणले, झिऱ्याचं पाणी आणलं आणि दारात तीन गाडगी मांडली. एकात नुसतं पाणी. दुसऱ्यात जुन्या, फाटक्या पोहऱ्याचा तुकडा. तिसऱ्यात मूठभर भुगा. कामधंदा सोडून तो गाडग्यांपाशी उकिडवा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी भुग्यातले मासे मेले होते. बाकीच्या दोन्ही गाडग्यांतले मजेत फिरत होते. त्याला दुसरं उत्तर हवं होतं, म्हणून त्यानं गाडगी घासूनपुसून पुन्हा करून बघितलं. उत्तर तेच आलं.

"पोहऱ्यानं मरत न्हाईत, मग भुग्यानं का मरावं?" तो पुटपुटला. "जुना पोहरा धुऊन धुऊन निघाला म्हणून? का भुगा बारीक, म्हणून त्याचं लवकर उतरतं? रबरात चिकाबिगर आनखी काय काय घालत असतील गं?"

"ते मागनं इचारा," मरिया म्हणाली. "म्हातारा झिऱ्यावर बसलाय."

शांतवन उठला. पाण्याच्या वेळेला, सगळ्या बायकांच्या देखत त्यानं ती तिन्ही गाडगी कठड्यावर ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती. फुललेला झेंडू त्यानं स्वतःच्या हातानं उपटला, टायर, भुगा, खालची माती, सगळं गाडीत भरून आडापासून लांब नेलं, फटी बुजवल्या. आड पुन्हा उपसला. पाणी भरल्यावर तो उरलेल्या माशांचं गाडगं घेऊन भिमाजीच्या दारात गेला.

"बाबा, आडावर चला. मासे तुमच्या हातानं सोडा."

भिमाजी गाडगं घेऊन आडापर्यंत आला. त्यानं गाडग्यात वाकून बघितलं, मग भोवती जमलेल्या लोकांकडे.

"आन् हे बी मेले तर? तवा कुनाचं नाव घ्यायचं?"

"माजं," शांतवन म्हणाला.

म्हाताऱ्यानं गाडगं परत त्याच्या हातात दिलं.

"मंग तूच सोड," तो म्हणाला, आणि पोहरा उचलून आपली घागर भरायला लागला.