अ‍ॅरिझोनाचा रस्ता आणि उजवीकडच्या सीटवर नाना

डिसेंबरची शाळेची सुट्टी लागली की सिंगापुरातल्या पुंगोलमधले आमचे शेजारी बर्फ बघायला जपान-कोरियाला पळतात. आम्ही अमेरिकेतलं वाळवंट निवडलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. नाना अठ्ठावीस वर्षं घाटातून लाल डबा चालवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना कराडहून सिंगापूरला आणलं, पण आठ महिन्यांत ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवलो’ यापलीकडे ते फारसं बोलले नव्हते. एका संध्याकाळी माझा नवरा मिलिंद लॅपटॉपवर अ‍ॅरिझोनाचे फोटो बघत होता. मागून नाना म्हणाले, “हा रस्ता वळतच नाही की रं कुठं!”

एवढं मोठं वाक्य! त्याच आठवड्यात आम्ही व्हिसाच्या मागे लागलो.

टोकियोत विमान बदलून लास व्हेगासला पोचलो आणि गाडी भाड्याने घेतली. जाणार असाल तर एक करा: करारावर दोघांची नावं घाला आणि आंतरराष्ट्रीय परवानाही दोघांचा काढा. मी काढला तो केवळ मिलिंदच्या आग्रहाखातर. पुण्यात एकदा रिक्षाला धडकले, तेव्हापासून सात वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. सिंगापुरात आमच्याकडे गाडीच नाही. आंग मो किओच्या ऑफिसला मी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने जाते, त्यामुळे कुणाला कळायचंही कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी मिलिंदने साडेचार तास चालवून ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठाला आणलं. वाटेत किंगमनला राजमा-भात आणि गरम टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, खाल्ल्या. शाकाहारी माणसाचे तिकडे हाल होत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे आठ तापमानात आम्ही काठावर उभे होतो. खाली लाल-जांभळ्या खडकांचे थरावर थर, आणि वरच्या प्रत्येक कंगोऱ्यावर बर्फ. आमची सात वर्षांची सांची ओरडली, “आजोबा, desert got snow! How can?” नाना कठडा धरून नुसते बघत राहिले.

परतताना गोठलेल्या पायरीवरून मिलिंद घसरला. उजवा घोटा टम्म सुजला. दवाखान्यात कुबड्या देऊन सांगितलं, हाड मोडलेलं नाही, पण आठवडाभर पाय टेकायचा नाही. (बुटांखाली लावायचे काटे तिथल्या दुकानात मिळतात. आम्ही ते नंतर घेतले. तुम्ही आधी घ्या.)

पार्किंगमध्ये गाडीत बसून मिलिंद म्हणाला, “पुढचं सगळं रद्द करू. इथंच राहू आणि परत जायची काहीतरी सोय बघू.” खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात नानांनी पुढचं उजवीकडचं दार उघडलं आणि आत येऊन बसले.

“सुजाता, चावी कुणाकडं आहे?”

“नाना, मला नाही जमायचं. इथं सगळं उलटं आहे.”

“हितंच चार फेऱ्या मार. नाही जमलं तर थांबू. कुणी हसणार नाही.”

मी चारच्या जागी दहा फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला नाना म्हणाले, “आता बाहेर काढ.”

डेझर्ट व्ह्यूपासून कॅमेरॉनपर्यंत रस्ता सतत उतरतो. भारतातल्या गाडीत ड्रायव्हर ज्या बाजूला बसतो त्याच बाजूला नाना बसले होते आणि त्यांचा पाय माझ्या आधी तिथं नसलेला ब्रेक दाबत होता.

“सावलीत बर्फ असतंय. सावली दिसली की अलीकडंच हळू हो. घाटातल्या चिखलासारखंच, बर्फावर ब्रेक नको.”

समोरून अजस्र ट्रक आला. मी गाडी कडेला ओढायला लागले.

“आपली लेन धर. तो त्याचं बघतोय.”

ट्रक गेला. गाडी सरळच होती.

कॅमेरॉनजवळ नावाहो या तिथल्या मूळ जमातीच्या एका आजींच्या टपरीवर गरम फ्राय ब्रेड खाल्ला. भटुऱ्यासारखा दिसतो, वर मध घालतात. मिलिंदचा बांधलेला पाय बघून आजींनी विचारलं, कोण चालवतंय? नानांनी माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत म्हणाले, “She. First class.” लग्नाला दहा वर्षं झाली होती. त्यांनी माझं कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढे रस्ता खरंच वळत नव्हता. दोन्ही बाजूंना लाल जमीन आणि थराथरांचे लाल खडक, मैलोन् मैल माणूस नाही. (पेट्रोलची टाकी कॅमेरॉनलाच भरा.) मग नाना समोर बघतच म्हणाले, “ह्याच्या आईला मी कधी लांब नेलंच नाही.”

मी आरशात पाहिलं. मिलिंद ताठ बसला होता.

“आख्ख्या जिल्ह्याला फिरवलं मी. सुट्टीच्या दिवशी ही म्हणायची, कुठंतरी जाऊया. मला गाडीचं नाव नको वाटायचं. म्हणायचो, बघू पुढच्या खेपेला. तिनं परत कधी विषय काढला नाही. मला वाटलं, तिला हौसच नाही.”

मागून मिलिंदने हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. मला धूसर दिसायला लागलं, तसं नाना हळूच म्हणाले, “डोळे पूस. रस्ता दिसला पाहिजे.”

“आजी will like this, आजोबा?” सांचीने विचारलं.

“आवडलं असतं की. म्हणाली असती, एवढ्या विटा कुणी रचून ठेवल्या?”

आणि आम्ही सगळेच हसलो, नानासुद्धा. मॉन्युमेंट व्हॅली येईपर्यंत ते सासूबाईंबद्दलच बोलत होते. तिथल्या सुळक्यांवर मावळतीचं ऊन पडलं तेव्हा वारा कान कापत होता, तरी कुणी गाडीत परतायला तयार नव्हतं. पुढचे तीन दिवस, पेज गावामार्गे थेट लास व्हेगासपर्यंत, गाडी मीच चालवली.

घरी येऊन मिलिंदचा घोटा बरा व्हायला महिना लागला. काय उरलं म्हणाल, तर फोटो ढीगभर आहेत, पण आमच्या जेवणाच्या टेबलावर सासूबाईंचं नाव आता सहज निघतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. सांचीला तिची आजी त्या प्रवासानंतर खरी कळली.

फेब्रुवारीत नानांनी कराडचं तिकीट काढायला सांगितलं. “इथं काही कमी पडलं का, नाना?”

“तसं नाही, पोरी. माझी बहीण अक्का सत्तरीला आली. कोल्हापूरच्या पलीकडं गेली नाही कधी. तिला वेरूळ दाखवून आणतो.”

पंधरा दिवसांनी मिलिंदच्या फोनवर फोटो आला. बसमध्ये खिडकीपाशी नव्या लुगड्यातल्या अक्का, बाहेर बघण्यात इतक्या गुंग की कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नाही. शेजारी मांडीवर डबा घेऊन बसलेले नाना मात्र त्यांच्याकडे बघत होते.