रोहीवरची पैज

मी हैदराबादेहून बी.ए. होऊन वालूरला परतलो, तेव्हा रझाकारांची गडबड अजून सुरू झाली नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील गावच्या कोंडवाड्याचे राखणदार. उभ्या पिकात शिरलेली गुरं लोक तिथं आणून घालत आणि मालक येऊन सोडवीपर्यंत वडील ती सांभाळत. त्या नोकरीवर मी शिकलो. हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही.

त्या पावसाळ्यात एका पडक्या विहिरीत रोही पडला. रोही म्हणजे नीलगाय. हा भरात आलेला नर होता. लोकांनी त्याला दोर लावून वर काढला. तहसीलच्या पेशकारांनी तो पाहिला आणि हैदराबादच्या बागेत जिथं जनावरं ठेवतात तिथं पाठवायचा ठरवला. सेलूहून पिंजरा येईपर्यंत मुक्काम कोंडवाड्यात. जाताना पेशकार वडिलांना म्हणाले, "जानवर गया, तो नौकरी गई समझो."

कोंडवाड्याची भिंत छातीएवढी. वडिलांनी तिच्यावर बांबू उभे केले आणि चारी बाजूंनी गोणपाट बांधलं, फळ्यांच्या दारालासुद्धा. लहानपणी ते गुरांमागं रानात हिंडलेले. म्हणायचे, "त्येला भाईर दिसलं न्हाई, की त्ये उडी घेत न्हाई. कापडाला त्ये भितं."

गावाला गंमत झाली. येणारे जाणारे विचारत, "मामा, नवरी बसवली का आत?"

पारावर पैज लागली. पाटील म्हणाले, रोही पळणार. गळ्यात लिंग घालणारे किराणा दुकानदार, त्यांना सगळे अप्पा म्हणत, ते म्हणाले, राहणार. हरेल त्यानं गावजेवण घालायचं. मधे पानाचा विडा ठेवला, दोघांनी हात लावला.

"पंच कोन?" अप्पांनी विचारलं.

"हे काय, बीए सायब बसलेत की," पाटील म्हणाले. "ल्ह्या सायब. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस मावळंपत्तुर मुदत."

मी फुगलो. खिशातून पेन काढून झोकात कागद लिहिला.

दुपारी भाकरी खाताना आईनं विषय काढला. वडील घास तसाच धरून म्हणाले, "तू पंच झालास?"

"हो. मीच कागद लिहिला."

"पैज रोहीवर न्हाई, लेका. मी झोपतो का जागा ऱ्हातो, त्याच्यावर हाय." मग हळूच म्हणाले, "आन् मुदतीत पोळा कसा आला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोळ्याला कोंडवाड्यात जनावर ठेवायचं नाही, ही गावची जुनी रीत. सकाळी दार उघडायचं, असतील ती गुरं दंड न घेता सोडायची. पाटलांना ते पक्कं ठाऊक होतं. दार उघडलं की रोही जाणार आणि त्याच्यामागं वडिलांची नोकरी. मी चार वर्षं शिकून आलो, आणि लिहिताना माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

"कागद फाडतो मी," म्हणालो.

"फाडू नको. लिव्हलंय ते ऱ्हाऊ दे."

पोळ्याच्या सकाळी आत दोन बैल होते. बाहेर निम्मं गाव जमलेलं. दार आणि रोही यांच्यामधे पडदा धरायचा, त्याच्या आडून बैल काढायचे, असा वडिलांचा बेत. पण गोणपाट सगळं भिंतींवर लागलेलं. हातात त्यांची एक घोंगडी, ती एका अंगाला तोकडी पडत होती.

"तुझी शेरवानी आन," वडील म्हणाले.

काळी शेरवानी. कॉलेजात तीच घालून मी पदवी घेतली होती. तिच्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या. मी क्षणभर उभाच राहिलो, हे कबूल करतो. मग आणली.

एका टोकाला घोंगडी घेऊन वडील, दुसऱ्या टोकाला शेरवानी पसरून मी. आईनं दार उघडलं. बैलांच्या घंटा वाजल्या तसा रोही कान टवकारून सरळ माझ्याकडे आला. कापडापलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हालू नको," वडील म्हणाले. "कापड हाललं की त्येला वाट दिसंल."

त्यानं शेरवानीला नाक लावलं. ओला डाग आरपार माझ्या बोटांपर्यंत आला. मी हात हलू दिले नाहीत. मग तो वळला आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तोवर बैल बाहेर पडले होते. आईनं दार लावलं.

बाहेर अप्पा म्हणाले, "पाटील, डाळ किती मन काढू?" लोक हसले. पाटीलही हसले, माणूस तसा दिलदार होता.

वडील हसले नाहीत. दाराला पाठ लावून बसले. "इतकी वर्सं झाली," म्हणाले, "पोळ्याला आत जनावर पयल्यांदा ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळला तेव्हा रोही आतच होता. तसा निकाल मी दिला. मग पिंजरा आला, रोही गेला, नोकरी राहिली. गावजेवणाला आई आणि मी गेलो. वडील पोटाचं निमित्त करून घरीच राहिले.

पुढं कामासाठी हैदराबादेला गेलो तेव्हा बागेत जाऊन रोही पाहून आलो. चारी बाजूंनी उंच गज, पडदा कुठं नाही. तो गजांना कपाळ लावून बाहेर बघत होता.

घरी आल्यावर वडिलांनी एकच विचारलं, "पोळ्याला सोडत्यात का तिथं?"

खोटं बोललो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची सवय मला नव्हती. "न्हाई, बा," म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

त्यानंतरच्या पोळ्याला कोंडवाडा रिकामा होता. तरी वडिलांनी सकाळीच दार सताड उघडलं, त्याला दगड लावला आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला ते लावू दिलं नाही.