कासूला मध्यंतर

आमचे काका प्रत्येक नवा पिक्चर थिएटरात दोनदा बघायचे. पहिल्यांदा एकटे, दुसऱ्यांदा काकीला घेऊन. काकीची नजर अधू झाली होती. पडद्यावर तिला नुसता उजेड हलताना दिसायचा. शेजारी बसून सांगावं, तर पुढचेमागचे डाफरायचे. म्हणून निवृत्त शिक्षक असलेल्या काकांनी ही तोड काढली होती. आधी स्वतः बघून यायचं आणि मग रोह्याहून पेणच्या थिएटरला जाताना रेल्वेगाडीत अख्खा पिक्चर तिला सांगायचा.

सांगणं वर्गात शिकवल्यासारखंच, खणखणीत. नागोठण्यापर्यंत नायक-नायिकेची ओळख, कासूला मध्यंतर आणि पेण यायच्या आत शेवट. एकदा समोरच्या बाकावरचा माणूस भडकला. तोही त्याच पिक्चरला निघाला होता. "मास्तर, खुनी कोण ते कशाला सांगितलंत? माझी सगळी मजा गेली ना." काका शांतपणे म्हणाले, "आता तो खोटं कसं बोलतो ते नीट बघा. जास्त मजा येईल."

मी त्यांच्या रोह्याजवळच्या वरसेच्या घरी मोठा टीव्ही जोडून दिला. नवे पिक्चर हल्ली थोड्याच दिवसांत घरी येतात, तिथे काकांना हवं तेवढं बोलता येईल, असा माझा हिशेब. काकीने दोन पिक्चर ऐकले आणि मला म्हणाली, "घरात माझा पिक्चर होत नाय गो. अर्धं लक्ष कुकरकडं. थेटरात मला कुणी चहा मागत नाय." काका ओशाळून हसले आणि शुक्रवारी नेहमीसारखे आधी एकटेच पेणला गेले.

गेल्या वर्षी काका गेले. काकी टीव्हीवर फक्त बातम्या ऐकायची. आता तिचं बाहेर पडणंच संपलं, याचं मला फार वाईट वाटायचं. मग एके दिवशी तिनेच सांगितलं, "शनिवारी तू बघून ये. रविवारी आपण दोघी जाऊ."

शनिवारी मी डोळे फाडून पिक्चर पाहिला आणि रविवारी गाडीत सांगायला बसले. कासू गेलं तरी माझी नायिका लग्नाच्या मांडवातच. शेवट पेणच्या फलाटावर कसाबसा उरकला. थिएटरात काकी मात्र ताठ बसली होती. लोकांच्या आधी हसत होती, आणि रडायची जागा यायच्या आतच तिने रुमाल काढला होता. मला काकांची फार आठवण आली.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "काकी, मला काकांसारखं सांगता नाय आलं."

"नाय आलं," काकी म्हणाली. "त्यांना तरी पहिल्या पिक्चरला कुठं आलं होतं? पुढच्या शुक्रवारी कुठला लागतोय ते बघ."